मासे, मोसंबी आणि दीड मीटर पाणी

आपल्या टेक्निकल इव्हेंटमध्ये दरवर्षी एक मॉडेल हमखास असतं. वर ट्रेमध्ये कोथिंबीर आणि पुदिना, खाली काचेच्या टाकीत चार-सहा मासे, मध्ये पीव्हीसीचे पाइप आणि गुरगुरणारा छोटा पंप. बाजूला थर्माकोलवर रंगीत अक्षरांत लिहिलेलं असतं, 'अ‍ॅक्वापोनिक्स : भविष्यातील शेती'. गेल्या वर्षी त्या ग्रुपमध्ये मीही होतो. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, फोटो निघाले, कट्ट्यावर पार्टी झाली. पण त्याआधी परीक्षक सरांनी एकच प्रश्न विचारला होता, "लाइट गेली तर मासे किती वेळ जगतील?" आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत होतं. पण ते मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आमच्याच शेततळ्याच्या काठावर उभं राहून पाहिलेलं होतं, आणि ते चारचौघांत सांगायची तेव्हा हिंमत झाली नाही.

म्हणून हा लेखप्रपंच. मला मत्स्यशेतीच्या विरोधात बोलायचं नाही. उलट शेती, पाणी आणि मासे एकत्र आणायलाच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. पण आपण इंजिनिअरिंगची पोरं ही गोष्ट उलट्या टोकाने धरतो. आपण पाइप, पंप आणि सेन्सरपासून सुरुवात करतो. सुरुवात व्हायला पाहिजे पाण्याच्या हिशोबापासून. निदान आमच्या जालन्यात तरी.

'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी. आजच्या पोरांना जालना म्हटलं की लोखंडी सळया आणि बियाण्यांच्या कंपन्या आठवतात. पण बदनापूर, अंबड, घनसावंगी या पट्ट्यात सोयरीक जुळवताना माणूस पहिलं विचारतो, "बाग किती?" आणि बाग म्हणजे मोसंबी, दुसरं काही नाही. वर्षाचा पाऊस साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर, तोही आला तर. वर काळी माती, खाली बेसाल्टचा खडक. विहीर खोल गेली तरी पाण्याची खात्री नाही.

२०१२ साली पावसाने पाठ फिरवली तेव्हा मी दुसरीत होतो. आमची अडीचशे झाडांची मोसंबीची बाग होती. त्या उन्हाळ्यात माणसांना प्यायला टँकर येत होता आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, झाडांसाठी वेगळा टँकर विकत घेत होते. शेवटी एप्रिलमध्ये त्यांनी हात टेकले. झाडं तोडली. मोसंबीचं लाकूड आमच्या चुलीला पुढे वर्षभर पुरलं. आई भाकरी करताना एक शब्द बोलायची नाही. जिल्ह्यात तेव्हा अशा चुली कितीतरी घरांत पेटत होत्या.

त्यानंतर २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्याच पावसाळ्यात अण्णांनी पुन्हा एक एकर मोसंबी लावली होती. २०१७ मध्ये आमचं शेततळं खोदलं गेलं, ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. दोन वर्षांनी कर्ज काढून त्यात प्लास्टिकचं अस्तर टाकलं. पहिल्यांदा तळं काठोकाठ भरलं तेव्हा आमच्या घरात दिवाळीसारखं वातावरण होतं. आजीने हळद-कुंकू वाहून पाण्याची ओटी भरली.

आता एवढं पाणी डोळ्यांसमोर दिसायला लागलं, की माणसाच्या डोक्यात मासे येणारच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आम्ही पहिल्यांदा सातशे बोटुकली सोडली: कटला, रोहू आणि मृगळ. या तीन माशांची जोडी काही उगाच जमलेली नाही. कटला पाण्याच्या वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. एकाच तळ्याचे तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर वेगळा भाडेकरू, असं समजा. हे बीज आज गावोगाव मिळतं त्यामागेही मोठं संशोधन आहे. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. त्याआधी नदीत जाळी लावून बीज गोळा करावं लागायचं.

आमची आजी माळकरी. तिला हे अजिबात पटलं नव्हतं. "कामून रे बाबा, रोज हातानं चारायचं अन् मग इकायचं?" असं तिने मला विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण गंमत अशी की शेंगदाणा पेंड आणि कोंडा भिजवून ठेवायची आठवण सकाळी तीच करायची. (जाता जाता एक सूचना. प्लास्टिकचा उतार ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. रोज चारा टाकायला तळ्यावर जाणं होणार असेल तर आधी कुंपण, दोर आणि हवा भरलेली ट्यूब काठावर पाहिजे. मग मासे.)

पहिल्याच वर्षी आम्हाला एक धडा मिळाला. नोव्हेंबरमध्ये आमच्याच माणसाने फवारणी झाल्यावर पंप शेततळ्याच्या पाण्याने विसळला. औषध सायपरमेथ्रिन. या गटातली औषधं माणसाला तुलनेने कमी आणि माशाला फार जास्त विषारी असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोपऱ्यात पांढऱ्या पोटांची रांग तरंगत होती. दोष त्या माणसाचा नाही. त्याच्या लेखी ते फवारणीचं पाणी होतं. एकाच पाण्याला आपण दोन कामं दिली, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

तरी उरलेले मासे होळीच्या सुमारास विकले. पैसे थोडे आले, पण उत्साह फार आला. दुसऱ्या वर्षी म्हणजे २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बीज सोडलं. त्या वर्षी पाऊस कमी झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा बदनापूरही होता. शेततळं पावसाने भरलं नाही, ते विहिरीच्या पाण्याने भरून घेतलं. होळीला जाळं टाकायला जे भोई काका येतात, त्यांनी पाण्याकडे पाहून सांगितलं, "आता काढून टाका सगळा माल." मी म्हटलं, "काका, अजून अर्धा-पाऊण किलोचेच आहेत. किलोचे झाले की भाव चांगला येईल." ते हसले आणि म्हणाले, "पाणी पाहून मासा काढायचा असतो बाबा, मासा पाहून नाही." आम्ही ऐकलं नाही. म्हणजे मी ऐकलं नाही.

एप्रिलच्या शेवटी पीएलमध्ये मी घरी आलो तेव्हा तळ्यात अण्णांच्या छातीएवढं पाणी होतं. बागेत फळं सुपारीएवढी झालेली आणि पानं दुपारी वळायला लागलेली. अण्णा ड्रिपचा कॉक उघडायला निघाले. मी म्हटलं, "आठ दिवस थांबा, रविवारी व्यापारी येतोय." अण्णा थांबले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाले, "झाडाला आठ वर्षं झाली रे, माशाला आठ महिने." त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही.

पुढच्या चार-पाच दिवसांत पाणी कमरेला आलं. पाणी हिरवंगार. एका संध्याकाळी आभाळ आलं, रात्री वारा पूर्ण पडला. पहाटे साडेचारला आजीने मला उठवलं. सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. त्याचं शास्त्र सोपं आहे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. कार्प माशांना निदान ५ तरी हवा. दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं, पण रात्री तेच शेवाळ माशांसारखाच तो वापरतं. त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. पाणी उथळ, मासे तेवढेच, वरून ढग. अशा वेळी पंप लावून पाणी वरून कारंज्यासारखं तळ्यातच सोडायचं असतं. मी मोटरीकडे पळालो. शेतीच्या फीडरला त्या वेळी वीज नव्हती. बादल्यांनी पाणी उपसून परत ओतत राहिलो. हसू नका, त्या वेळी दुसरं काही सुचत नाही. उजाडेपर्यंत सगळं शांत झालं होतं.

व्हायवाच्या प्रश्नाचं उत्तर हे असं होतं. तास दीड तास.

खड्डा खणून मासे पुरताना आजी बाजूला उभी होती. मला वाटलं ती म्हणेल, मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली, "इकले असते तर बरं झालं असतं रे. निदान कुणाच्या ताटात तरी गेले असते."

असो. ही रडकथा सांगायला मी लेख लिहायला घेतलेला नाही. त्यानंतर थर्ड इयरला हायड्रॉलॉजीमध्ये बाष्पीभवन शिकलो. वर्गात सगळे जांभया देत होते आणि मी वहीच्या मागच्या पानावर आमचं शेततळं काढून बसलो होतो. तो हिशोब तुमच्यासमोर मांडतो. आपण इंजिनिअर आहोत, आकड्यांना घाबरायचं कारण नाही.

तळं वर ३० बाय ३०, बाजूचा उतार एकास एक, म्हणजे तळाला २४ बाय २४. खोली ३ मीटर. पाणी बसतं २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. ऐकायला खूप वाटतं. माशांना उन्हाळ्यात निदान दीड मीटर खोली पाहिजे. खालच्या दीड मीटरमध्ये किती पाणी असतं? ९७६ घनमीटर, पावणेदहा लाख लिटर. आता मोसंबी बघा. वीस बाय वीस फुटांवर लावली तर एकरात साधारण ११० झाडं. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ड्रिपने रोज शंभर लिटर धरू. म्हणजे एकराला रोज ११ हजार लिटर. खालचं पावणेदहा लाख लिटर पाणी म्हणजे एका एकराची जवळजवळ तीन महिन्यांची तहान. बरोबर तेच तीन महिने, मार्च ते मे! मासे आणि मोसंबी दोघांचाही दावा तळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर आहे. वरच्या पाण्यावरून भांडण नाहीच.

आणि या दोघांशिवाय तिसरा एक वाटेकरी आहे, ऊन. मार्च ते मे रोज फक्त ८ मिलिमीटर पाणी उडतं असं धरा. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ते याहून जास्तही उडतं. ९२ दिवसांत ७४ सेंटिमीटर गेलं. म्हणजे जूनमध्ये दीड मीटर पाणी हवं असेल तर एक मार्चला सव्वादोन मीटर पाहिजे. त्याआधी ऑक्टोबर ते फेब्रुवारी रोज ४ मिलिमीटर धरलं तरी ६० सेंटिमीटर जातं. सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेलं ३ मीटरचं तळं पिकाला एक थेंब न देताही एक मार्चला २.४ मीटरवर आलेलं असतं. मग शेतीसाठी उरलं काय? सोळा सेंटिमीटर! सव्वा लाख लिटरच्या आसपास. मोसंबीच्या एका एकराला बारा दिवस.

बारा दिवस, मित्रहो. म्हणजे आमच्याकडच्या नेहमीच्या मापाच्या शेततळ्यात बारमाही मासे ठेवायचे असतील, तर ते शेततळं शेतीचं राहत नाही, ते फक्त मत्स्यतळं होतं. 'एकाच पाण्यात दुहेरी उत्पन्न' हे वाक्य छापायला सोपं आहे. हा हिशोब मात्र कोणी छापत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग विहिरीतून, बोअरमधून तळं भरत राहा की! आम्हीही २०२३ मध्ये तेच केलं. पण जमिनीखालचं पाणी वर काढून उन्हात ठेवणं याला साठवण म्हणायचं का? खडकात ते सुरक्षित होतं. वर आणल्यावर त्यातलं दीड मीटरपर्यंत ऊन पितं, आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते ती वेगळीच. शेततळं ही पावसाचं पळून जाणारं पाणी अडवायची गोष्ट आहे. मासे हे बोअर चालू ठेवायचं नवं निमित्त होणार असतील, तर ते आपल्या जिल्ह्यात नकोत, असं मी स्वतः मासे पाळणाऱ्या घरातला असूनही म्हणतो.

याचं उलट उदाहरण आमच्याच जालना तालुक्यात आहे, कडवंची. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती सहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने तिथे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणलोटाचं काम उभं केलं. आधी माथा, मग पायथा. आधी बांधबंदिस्ती आणि चर, मग शेततळी, आणि शेवटी द्राक्षं. २०१२-१३ च्या दुष्काळातही तिथल्या बागा तगल्या, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. लोक कडवंचीला जाऊन शेततळी मोजून येतात. पण शिकायचा आहे तो क्रम. पाणी आधी आणि त्यावरची हौस नंतर.

अ‍ॅक्वापोनिक्सवाले मित्र आता म्हणतील की माशांच्या पाण्यातलं खत विसरलास. नाही विसरलो. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो, जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, ते झाडाला मिळतं. हे सगळं खरं आहे. पण किती? आमच्या तळ्यातून समजा ३०० किलो मासे निघाले आणि त्यांना ५०० किलो खाद्य घातलं. खाद्यात ३० टक्के प्रथिनं धरली तर नत्र झालं २४ किलो. त्यातलं सुमारे ८ किलो माशांच्या अंगी लागतं. उरलं १६ किलो. काही तळाशी बसतं, काही हवेत जातं. तरी सगळंच्या सगळं मोसंबीला मिळालं असं धरा. ते ३५ किलो युरियाएवढं होतं. म्हणजे ४५ किलोची एक गोणीसुद्धा नाही, आणि ती गोणी सरकारी दराने पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते! एवढ्यासाठी चोवीस तास पंप, सेन्सर आणि कंट्रोलर? वर त्याच हिरव्या पाण्याने ड्रिपर चोक होतात. सँड फिल्टर आणि डिस्क फिल्टर दिवसाआड धुवावे लागतात. गच्चीवरच्या कोथिंबिरीला ते मॉडेल ठीक आहे. शहरात जागा कमी आणि भाजी महाग, तिथे हिशोब वेगळा बसेल. आमच्याकडे जागा आहे, नाही ते पाणी आणि वीज.

मग करायचं काय? मासे सोडून द्यायचे? मुळीच नाही. मला सुचलेल्या दोन गोष्टी सांगतो. एक आम्ही करून पाहिली आहे, दुसरी अजून करायची आहे.

पहिली गोष्ट, मासे हे बारमाही नाही तर हंगामी पीक समजायचं. कापूस जसा जूनमध्ये लावतो आणि हिवाळ्यात उपटतो, तसं. बीज ऑगस्टला सोडायचं आणि होळीच्या आत तळं रिकामं करायचं. एवढ्या कमी दिवसांत वाढ व्हायची तर इवलीशी बोटुकली चालत नाहीत, आदल्या वर्षीचं जपलेलं मोठं बीज घ्यायचं, ते महाग पडलं तरी. कारण खरी वाढ ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्येच होते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा खाणं कमी करतो. फेब्रुवारीत तळ्यात निदान दीड मीटर पाणी राखायचं आणि मासे काढले की ते सगळं बागेचं. ते पावणेदहा लाख लिटर, बाष्पीभवन वजा जाता, एका एकराला दोन महिने पुरतं. किलोभराचा मासा हातात येत नाही, पाऊण किलोचाच येतो. आठवडी बाजारात तोही खपतो.

जायकवाडीच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. नाथसागराचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी, त्यातला २६ टीएमसी मृत साठा. आमच्या शेततळ्यात मी तसाच दीड मीटरवर लाल ऑइलपेंटने पट्टा मारला आहे. होळीपर्यंत तो पट्टा माशांचा, त्याला ड्रिप लावायचं नाही. होळीनंतर तो बागेचा, त्यावर माशांचा हक्क नाही. गंमत बघा, धरणात ज्याला मृत साठा म्हणतात, माशांच्या दृष्टीने जिवंत साठा तोच. या पट्ट्याला खर्च आला एका छोट्या डब्याचा. पण त्यानंतर अण्णांचा आणि माझा पाण्यावरून वाद झालेला नाही. २०२५ च्या होळीआधी आम्ही सगळा माल काढला. जाळं टाकायला तेच भोई काका होते. खर्च जाऊन उरलेल्या पैशात माझ्या एका सेमिस्टरच्या मेसचं भागलं. कोणी लखपती झालं नाही. पण बागही उभी राहिली आणि खड्डाही खणावा लागला नाही.

दुसरी गोष्ट, जोडीदार नीट निवडायचा. माशांची जोडी मोसंबीपेक्षा तुतीशी जास्त जमेल, असं मला वाटायला लागलं आहे. जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे आणि आमच्या आसपास बऱ्याच शेतकऱ्यांनी तुती लावली आहे. चीनमध्ये हुजौ भागात तुती आणि माशांची जोडी फार जुनी आहे. तळ्याच्या बांधावर तुती, तुतीचा पाला रेशीम अळ्यांना, अळ्यांची विष्ठा आणि उरलासुरला पाला तळ्याला, आणि तळ्याचा गाळ परत तुतीला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये या पद्धतीला जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशाचा दर्जा दिला. आपल्याकडे ती जशीच्या तशी उचलता येणार नाही. प्लास्टिकच्या तळ्यात गाळ कुठून येणार? शिवाय अळ्यांच्या बेडवर चुना आणि निर्जंतुक पावडर टाकतात, ती तळ्यात गेली तर पुन्हा पांढऱ्या पोटांची रांग. तो कचरा आधी कंपोस्ट खड्ड्यातच गेला पाहिजे.

पण खरी जुळणी दुसरीकडेच आहे. रेशीम अळी आणि मासा दोघंही कीटकनाशकाने पटकन मरतात. तुतीवाला शेतकरी शेजाऱ्याची फवारणीसुद्धा कुठल्या दिशेला उडते ते बघत असतो. त्याला फवारणीचा पंप तळ्यात विसळू नको, हे सांगावं लागणार नाही. आणि एप्रिल-मेच्या उन्हात अळ्या नीट वाढत नाहीत, म्हणून आमच्याकडे बरेच जण तेव्हा बॅच घेतच नाहीत. म्हणजे तळ्यात पाणी कमी असतं तेव्हा तुतीची मागणीही कमी. वाळलेली तुती छाटली की पावसाला पुन्हा फुटते. मोसंबीचं झाड एकदा वाळलं की चुलीतच जातं.

विदर्भात भंडारा-गोंदियाकडे माजी मालगुजारी तलाव आहेत. तलावाखाली धान आणि तलावात मासे, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. कोहळी समाजाने तलाव बांधले आणि ढिवर समाजाने त्यातले मासे जाणले. तिथे सेन्सर नव्हता. कोणतं पाणी कधी कोणाचं, याची समज होती. ती समज आमच्या भोई काकांकडेही आहे. माझ्या डिग्रीत मात्र अजून तिला क्रेडिट नाही.

म्हणून ज्युनिअर मित्रांना माझी एक विनंती. पुढच्या वर्षी अ‍ॅक्वापोनिक्सचं मॉडेल जरूर करा. पण त्याच्या शेजारी एक साधा तक्ता लावा. बारा महिने आडवे आणि पाण्याची खोली उभी. पावसाने किती भरलं, उन्हाने किती नेलं, झाडाने किती घेतलं आणि माशांना किती उरलं, अशा चार रेघा. आपल्या गावच्या एखाद्या खऱ्या शेततळ्यात टेप टाकून, दर पंधरा दिवसांनी मोजून काढलेल्या. तो तक्ता पाहायला कदाचित कोणी परीक्षक थांबणार नाही. पण तुमच्या गावचा एखादा शेतकरी नक्की थांबेल आणि विचारेल, "पोरा, माझ्या तळ्याचा असा हिशोब काढून देतो का?"

आपल्या इंजिनिअरिंगची खरी व्हायवा तिथे आहे. बघा, पटतंय का!